साहेबी चटई आणि पेटकरबाईंची न्हाणी

पेटकरबाई आमच्या पळसघाटात आल्या आणि दुसऱ्याच दिवशी परत जायला निघाल्या. कारण काय, तर एक साप.

साप तसा मोठा नव्हता. पाणदिवड. विष नाही की काही नाही, आम्ही नदीवर त्याला काडीनं बाजूला सारतो. पण बाई न्हाणीत बसून अंगावर पहिला तांब्या ओततात न ओततात तोच तो दोन फळ्यांच्या मधून मान वर काढून त्यांच्याकडे पाहायला लागला. बाई किंचाळत, ओल्या लुगड्यानिशी, थेट अंगणात! आणि अंगणात नवी नर्सबाई कशी दिसते ते पाहायला अर्धं गाव जमलेलं. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

चूक सापाची नव्हती, घराची होती. गावात बाळंतपणाचं केंद्र उघडायचं ठरलं तेव्हा बाईंना राहायला जंगलखात्याचा जुना नाका दिला. सागाच्या खांबांवर उभं घर, खाली माणूस वाकून शिरेल एवढी पोकळी, वर फळ्यांची जमीन. मागच्या खोलीला न्हाणी म्हणायचं. तिथल्या फळ्या वर्षानुवर्षं वाळून अशा आकसल्या होत्या की फटीतून बोट जावं. वरून पाणी ओतलं की खाली बसलेल्या बकऱ्या ओरडत. आणि खाली जो कोणी असेल, त्याला वरचं दिसे. बाईंना हेही कळलं, तेव्हा त्या लाल झाल्या.

"हे पहा," कोरडं लुगडं नेसून ओसरीवर येत त्या म्हणाल्या. बोलणं वर्ध्याचं, पुस्तकातल्यासारखं. "मी बाळंतपणं करीन. चिखल तुडवीत जंगलात येईन, बैलगाडीत झोपेन, मिळेल ते खाईन. पण अंघोळ लोकांच्या देखत करणार नाही. शनिवारी मोटर येते ना? तोवर न्हाणीचं काही झालं तर ठीक. नाहीतर मी त्याच मोटरीनं परत."

"बापा बापा!" आमच्या गुणाआत्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या. "आमी काय आंग नाई धूत? नदी हाये, ताटी हाये. वर्ध्याले काय सोन्याच्या न्हाण्या हायेत का वं बाई?"

सगळे हसले. मीसुद्धा हसणार होते, पण माझी नजर कमळावहिनीवर गेली.

वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, खांबाला टेकून उभी होती. मागच्या साली तिचं पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं, आणि तीही जाता जाता राहिली होती. आता तिला पुन्हा दिवस होते, भरतच आले होते. नर्स येणार म्हणून सगळ्यात आधी तिनं ऐकलं, आणि त्या दिवसापासून ती पोटभर जेवायला लागली होती. ती हसत नव्हती. पैलतीराला निघालेल्या शेवटच्या नावेकडे पाहावं तशी पेटकरबाईंकडे पाहत होती.

आणि मी बोलले. "बाई, मी करून देईन तुमची न्हाणी."

आता हे मी का बोलले ते विचारू नका. मी सातवीत. वर्गात मुली म्हणून मी आणि सोमारी, दोघीच. पार चौथीपर्यंत मास्तरांनी नाव विचारलं तरी मी पाटीकडे पाहायची. पण यंदा पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभी राहून मी भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हापासून माझं असं झालं होतं की तोंड उघडलं की शब्द आधी बाहेर पडत आणि विचार मागून धावत येई.

"तू?" पेटकरबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाव काय तुझं?"

"वच्छला सोमाजी."

"कशाची करणार आहेस न्हाणी, वच्छला?"

विचार अजून आला नव्हता. "ते... पाहाच तुम्ही," मी म्हणाले.

परतताना सोमारी म्हणाली, "कायची करशील वं?" ही माझी मैत्रीण. गोंडटोल्यावर राहते, बोलते थोडं, पण बोलते ते नेमकं लागतं.

"पाहू ना!"

"फटी बुजवाले माती टाकशील तं वाहून जाईन. दगड टाकशील तं फळ्या मोडतीन."

"तू गप्प राय, मले सुचू दे."

आणि खरंच सुचलं, तेही चालता चालता. मागच्या वर्षी मंडईच्या जत्रेत दंडारीचा नाच रंगात आला असताना अवकाळी पाऊस कोसळला होता. लोक पळाले, पण आम्ही दोघी मंडपाच्या कडेला थांबलो होतो. ज्या साहेबी चटईवर दंडार चालली होती, तिच्यावर पाण्याचं डबकं साचलं. मग मंडळींनी चटई गुंडाळली, तर खालची माती कोरडी ठणठणीत!

"सोमारे," मी तिचा हात धरला, "चाल मुखरूभाऊकडे."

*

दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीचं नाचगाण्याचं नाटक, दिवाळीनंतरच्या मंडईत रात्ररात्र चालणारं. आमच्या गावच्या दंडारीत राणीचं काम मुखरूभाऊच करतात. त्यासाठी ते मिशी ठेवत नाहीत. त्यावरून कोणी हसलंच तर ते त्याला पुढे ओढून आपल्याबरोबर नाचायला लावतात. दोन गिरक्यांत त्याचा दम निघतो, मग तो हसत नाही.

साहेबी चटई त्यांच्या मंडळाची. टेकडीवरच्या बंगल्यातला साहेब विलायतेला निघून गेला तेव्हा तिथलं सामान गावोगाव गेलं, आणि ही भली मोठी गुंडाळी मंडळाकडे आली. वरून तपकिरी, तिच्यावर तांबड्या चौकड्या, खालून तागाचं विणलेलं पोत. तिला लिनोलियम म्हणतात हे मला पुढे पेटकरबाईंनी सांगितलं.

मुखरूभाऊ अंगणात चाळ बांधून सराव करत होते. एक पोरगा ढोलकी बडवत होता.

"भाऊ, साहेबी चटई पायजे."

"कायले वं? तुह्या बापाच्या नावेले शीड लावतं का तिचं?"

"नर्सबाईच्या न्हाणीत बसवाची हाये."

चाळ थांबले. ढोलकीही थांबली.

"न्हाणीत?" मुखरूभाऊंनी छातीवर हात ठेवला, अगदी राणीसारखा. "ज्या चटईवर मी राज्य करून राह्यलो, तिच्यावर ते बाई आंग धुवन?"

"राणीले आंग धुवा लागत नाई का, भाऊ?"

ढोलकीवाला फिस्सकन हसला. मुखरूभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू नाकातच राहिलं.

"अन् मंडईले? मी काय मातीवर नाचू?"

"लोक तुमचे पाय पाहाले येतेत का चटई पाहाले?"

हे मी म्हणाले आणि माझं मलाच नवल वाटलं. मुखरूभाऊ ढोलकीवाल्याकडे वळले.

"सोमाजीच्या पोट्टीचं तोंड पाह्य जरा! कालपरवापर्यंत ते बोलत नव्हती." मग त्यांनी चाळ सोडायला घेतले. "ने. पण ऐक. दोन पोट्ट्यांच्यानं न्हाणी होत नसते. झाली तं मी मिशी ठेवीन! नाई झाली तं माही चटई जशी होती तशी वापस. चिरली तं तुह्या बापाची नाव घेईन."

गुंडाळी अशी जड की मी पुढे, सोमारी मागे, आणि मधे ती चटई झोके खात, अशी आमची वरात निघाली. वाटेत जो तो विचारी, "कोन मेलं वं?"

*

न्हाणीत चटई बसवायला मोजून बघतो तोच गुणाआत्या शेणाची पाटी घेऊन हजर.

"सरका. आधी सारवू द्या."

आमच्याकडे नवं काही सारवल्याशिवाय जमिनीला टेकवतच नाहीत. नवं जातं असो, नवी कणगी असो, नवी नवरी असो, आधी शेणाचा हात फिरला पाहिजे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आत्या इतका वेळ तोंड वाकडं करून बसल्या होत्या त्या मदतीला आल्या म्हणून मी खूश! शिवाय शेणानं फटीही बुजतील असं सगळ्यांनाच वाटलं. आत्यांनी फळ्यांवर जाड, हिरवागार, सुरेख हात फिरवला. वर रांगोळीची दोन बोटंही ओढली. आणि त्या ओल्या सारवणावर आम्ही चटई अंथरली, कडा खिळ्यांनी ठोकल्या. काय दिसत होती म्हणून सांगू! तांबड्या चौकड्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. आत्यांनी कुंकू वाहिलं. वहिनीनं दारातून डोकावून पाहिलं आणि हळूच हसली.

पेटकरबाईंनी एक दिवस अंघोळ केली. साप नाही, बकऱ्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या नाकाला पदर लावून बाहेर आल्या.

"वच्छला, आत ये. पाय ठेव इथे."

मी पाय ठेवला. चटई खाली दबली आणि पलीकडे फुगली. मी फुग्यावर पाय ठेवला, तर तो सरकून तिसरीकडे गेला. आणि कडेच्या खिळ्यातून हिरवं पाणी पच्चकन उडालं, ते थेट बाईंच्या लुगड्यावर. वास तर असा, की गोठ्यानं सुद्धा लाजावं.

शेण ओलं राहिलं होतं. वरून चटईनं कोंडलं, खालून वारा मिळेना, तिथे ते आंबलं. चटईही खालून भिजून पोटात पाणी झाल्यासारखी सुजली.

"मी ट्रंक भरायला घेते," पेटकरबाई म्हणाल्या. रागावून नाही, थकून. तेच जास्त लागलं.

बातमी गावभर. मुखरूभाऊ धावत आले. आपली चटई पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "राणीचं सिंहासन शेणात घातलं रे! उद्या सकारी मले चटई वापस पायजे. समजलं?"

गुणाआत्या म्हणाल्या, "माह्या शेणाले नाव ठेवू नोका. शेण चांगलं होतं."

आणि वहिनी? ती घरी जाऊन भाकरी थापत बसली. मी समोर उभी राहिले तरी तिनं मान वर केली नाही. "राहू दे वच्छे," ती म्हणाली. "तू केलं तेवढं लय केलं." भाकरी तव्यावर टाकताना तिची घडी पडली. वहिनीची भाकरी मोडलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी तशीच उलटी फिरले.

*

नदीकाठी मी आणि सोमारी चटई उलटी करून खराट्यानं शेण धूत होतो. मी धूत होते आणि रडत होते, दोन्ही जोरात. कडेचा एक कोपरा मोडला होता. सोमारीनं तो तुकडा उचलला, उन्हात धरला, वास घेतला. पुन्हा घेतला.

"वच्छे. याले जवसाच्या तेलाचा वास येते."

"शेणाचा येत असन."

"नाई वं. मोडलं तिथला घे."

मी घेतला. आणि काय सांगू, आमच्या स्वयंपाकघराचा वास! आमच्याकडे फोडणीला जवसाचंच तेल. साहेबाच्या चटईच्या पोटात आमच्या फोडणीचं तेल! हे कळलं तेव्हा ती चटई मला पहिल्यांदाच आपल्यातली वाटली.

आणि जवसाचं तेल आणखी कुठे असतं? मी वळून पाहिलं. चार पावलांवर माझे बाबा उपडी घातलेली नाव दुरुस्त करत होते. आम्ही जातीचे ढीवर. बाबा नाव चालवतात आणि काठावरच्या सगळ्या नावा बांधतात, बुजवतात. दोन फळ्यांच्या फटीत तागाची वात ठोकायची, वर राळ आणि जवसाचं तेल एकत्र कढवून ओतायचं. थंड झालं की दगड. वैनगंगा बाहेरून ढुसण्या देते, पण आत थेंब येत नाही. लहानपणापासून मी हेच पाहत आले होते. राळ ढवळायला बाबा मलाच बसवायचे.

"सोमारे!" मी ओरडले. "न्हाणी म्हणजे उलटी नाव! नावेत पानी बाहेरून आत येते, न्हाणीत आतून बाहेर जाते. फट तं तीच!"

सोमारीनं विचार केला. मग म्हणाली, "मंग रडून काऊन राह्यली?"

मी बाबांकडे धावले. बाबांनी सगळं ऐकलं, हातोडा खाली न ठेवता.

"राळ देतो," ते म्हणाले. "ताग देतो. पण मी येनार नाई."

"काऊन बाबा?"

"न्हाणी तू कबूल केली. मी आलो तं लोक म्हनतीन सोमाजीनं केली." आणि हातोडा पुन्हा चालू. दोन ठोके टाकून परत म्हणाले, "फळ्या खडखडीत वाळू दे. ओल्यावर राळ धरत नाई. तुह्या आत्याले दाराच्या बाहेरच ठेव."

मग आम्ही भिडलो. न्हाणीच्या फळ्या घासल्या, पोत्यांनी पुसल्या, खिडकीची झडप काढून टाकली आणि आतमध्ये निखाऱ्यांची घमेली ठेवली. चटई नदीच्या वाळूवर उलटी पसरली. आश्विनातलं ऊन, दुपारपर्यंत तागाचं पोत कुरकुरीत झालं. वरच्या बाजूला चिंधीनं जवसाचं तेल चोळलं, तर फटफटीत पडलेला रंग उजळला आणि ताठर कडा मऊ झाल्या. उन्हात ती आपली आपणच सपाट पसरली, जणू दुपारची वामकुक्षी घेत होती.

गुणाआत्या पाटी घेऊन आल्याच. मी दारात आडवी.

"आत्या, आज सारवाचं नाई."

"अवं, बिनसारवल्या जागेवर? अपशकून होईन!"

"आत्या, तुमी कुंकू लावा, हळद लावा, नारळ फोडा. पण बाहेरून."

आत्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मला वाटलं, आता थप्पड. पण त्या वळल्या, पाटी खाली ठेवली, आणि उंबऱ्याच्या बाहेर, अगदी उंबऱ्याला चिकटून, हातभर जागा सारवली. "माहं काम झालं," म्हणाल्या. "आता तुही राळ का फाळ ते तू पाह्य."

मी फटीत ताग ठोकला, सोमारीनं पाणी जायला कोपऱ्यात बांबूची नळी बसवली. अशी बसवली की नळीतून पाणी थेट मागच्या केळीला जाईल. दुसऱ्या दिवशी पहाटे राळ चुलीवर चढवली.

*

शुक्रवारी सकाळी राळ कढत होती आणि मला एक गोष्ट तेव्हा कळली. फळ्यांवर राळ ओतायची, गरम असतानाच चटई टाकायची, आणि ती सगळीकडून एकदम, सारखी दाबायची. एका जागी दाब कमी पडला की फुगा, आणि राळ थंड झाली की संपलंच. आम्ही दोघी किती दाबणार?

नेमके तेव्हाच मुखरूभाऊ दोन माणसं घेऊन चटई न्यायला आले.

"कुठी हाये माही चटई?"

चटई न्हाणीच्या दारात गुंडाळून तयार होती. मी झारी घेतली. विचार मागून धावत येत होता, पण मी त्याची वाट पाहिली नाही. ओतलीच राळ! फळ्यांवर ती सोन्यासारखी पसरली. सोमारीनं चटई उलगडत नेली, भिंतीपाशी कडा चार बोटं वर चढवल्या, आणि मी वर चढून पाय आपटायला लागले.

"अरे अरे अरे!" मुखरूभाऊ दारातून ओरडले. "हे काय करून राह्यली? असे पाय आपटतेत का? टाच नोको! चवडा टाक! टाचेनं खड्डा पडते!"

"मंग तुमी दाखवा ना!"

"सरक तिकडे!"

आणि मुखरूभाऊ चपला भिरकावून आत! काय नाचले ते! आधी भिंतीच्या कडेनं चवड्यावर, मग आत आत, गोल गोल, एकही बोट जागा न सोडता. "ढोलकी आना रे!" ते ओरडले. ढोलकी आली. "तुमी दोघी माह्या मागे! डावा, उजवा, डावा, गिरकी! गिरकीले रगडा!" मी आणि सोमारी त्यांच्या मागे. पायाखाली राळ गरम लागत होती, चटई मऊ होती, आणि प्रत्येक पावलाला ती फळीला घट्ट घट्ट धरत होती, ते मला तळव्यातून कळत होतं. बाहेर बाया जमल्या. कोणीतरी दंडारीचं गाणं धरलं. गुणाआत्या त्यांच्या हातभर सारवलेल्या जागेच्या पलीकडे उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, सगळ्यात जोरात.

"भाऊ, अन् मंडईले?" मी धापा टाकत विचारलं.

"मातीवर नाचीन! तूच तं म्हटलं, लोक पाय पाहाले येतेत!"

"अन् मिशी?"

"नाच आधी! कोपरा राह्यला तुहा!"

नाचता नाचता पाय थंड लागायला लागले. राळ बसली होती. मी खाली वाकून बोटानं टकटक वाजवलं. इथे, तिथे, मधे, कोपऱ्यात. कुठेही पोकळ आवाज नाही.

मग कडांना, जिथे चटई भिंतीला चढते तिथे, राळेची शेवटची धार सोडली आणि दार लावून घेतलं. कोणालाही आत जाऊ दिलं नाही. पेटकरबाईंनासुद्धा नाही. त्या ट्रंकेवर बसल्या होत्या. ट्रंक भरलेली होती.

*

शनिवारी सकाळी मी घराखालच्या पोकळीत शिरले. बकऱ्यांना बाजूला हाकललं आणि न्हाणीच्या बरोबर खाली, मातीवर, उताणी झोपले. चेहरा वर.

"ओत!" मी ओरडले.

वर सोमारीनं पहिली घागर ओतली. धबधब्यासारखा आवाज. मी डोळे मिटले नाहीत. फळ्या माझ्या नाकापासून दोन हातांवर होत्या. काहीच आलं नाही.

"अजून!"

दुसरी. तिसरी. कोपऱ्यातल्या बांबूतून पाणी खळखळत केळीकडे धावलं. भोवती उभ्या असलेल्या बाया वाकून वाकून माझ्याकडे पाहत होत्या. "आलं का वं? आलं का?" मुखरूभाऊ तर चक्क गुडघ्यांवर बसून डोकं आत घालत होते.

"अजून ओत, सोमारे! सारी नदी ओत!"

घागरीमागून घागर. माझ्या चेहऱ्यावर एक थेंब नाही. फळ्यांच्या फटीत राळ काळसर चमकत होती आणि मी खाली मातीत पडून हसत होते, इतकी हसत होते की एक बकरी घाबरून बाहेर पळाली.

मी बाहेर आले. केसात माती, पाठीला लेंड्या. पण चेहरा कोरडा! मी पेटकरबाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि चेहरा पुढे केला. त्यांनी बोट लावून पाहिलं. गालाला, कपाळाला, हनुवटीला. मग त्या आत गेल्या आणि न्हाणीची कडी आतून लागल्याचा आवाज आला.

आम्ही सगळे बाहेर, दाराला कान लावून. आधी एक तांब्या पडल्याचा आवाज. मग बाई थांबल्या. बहुतेक पायाखाली दाबून पाहत असाव्यात. मग दुसरा तांब्या. तिसरा. मग भराभर, भराभर. आणि मग, आमची ती पुस्तकासारखं बोलणारी बाई न्हाणीत चक्क गुणगुणायला लागली!

तेवढ्यात घाटावरून मोटरीचा भोंगा वाजला. एकदा. दोनदा. ड्रायव्हरचा माणूस धावत आला. "नर्सबाई जाऊन राह्यल्या म्हने ना? मोटर उभी हाये!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी न्हाणीच्या दाराला तोंड लावलं. "बाई, मोटर आली!"

तांब्या थांबला.

"वच्छला," आतून आवाज आला, "त्याला सांग, मी अंघोळ करते आहे. मला वेळ लागेल. फार वेळ लागेल. त्यानं जावं!"

मुखरूभाऊंनी अशी शीळ घातली की खाली बकऱ्या पुन्हा पळाल्या. आत्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि तोच हात मग माझ्या डोक्यावरून फिरवला. बाबा घाटावरून आले नव्हतेच, पण नदीकडून हातोड्याचे ठोके ऐकू येत होते, नेहमीपेक्षा जरा मोठे.

बाई बाहेर आल्या, केस ओले, गाल लाल. त्यांनी सगळ्या बायांवरून नजर फिरवली आणि वहिनीपाशी थांबवली.

"कमळाबाई, तुमची अंघोळ झाली का?"

वहिनी गोंधळली. "नाई... मी नदीवर..."

"नदीवर नाही आता. या अवस्थेत ओल्या दगडांवर उतरायचं नाही. आत जा. वच्छला, पाणी तापव."

मी चूल पेटवली. सोमारीनं घागरी भरल्या. वहिनी हळूहळू, एका हातानं पोट धरून, आत्यांचा सारवलेला हातभर तुकडा ओलांडून न्हाणीत शिरली. कडी लागली. आत बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मला काळजी वाटली.

"वहिनी? काय झालं वं?"

"काई नाई," तिचा आवाज आला, पार बदललेला. "नुसती बसली हावो. दार लावून. वच्छे, इथी कोनीच दिसत नाई मले. अन् मी कोनाले दिसत नाई."

मग पाण्याचा आवाज. सावकाश, मन लावून. बाहेर बायांनी रांग धरली होती, कोणी कोणाला पुढे जाऊ देईना. पेटकरबाई ओसरीवर बसून केस पुसत त्यांना नंबर लावत होत्या, "पोटुशा आधी, बाकीच्या नंतर!" आणि बाकीच्या कुरकुरत होत्या. पण आत वहिनी काही घाई करत नव्हती.

"कमळे, निघ ना वं!" आत्या ओरडल्या. "दिवस मावळन!"

"मावळू द्या!" आतून वहिनी म्हणाली. आणि ती हसली. मागच्या सालापासून असं हसणं मी ऐकलंच नव्हतं. "वच्छे, अजून एक घागर आन. गरम आन!"

मी घागर उचलली आणि धावले.